पोर्ट सैद, मुक्काम यवतमाळ

यवतमाळहून परत येऊन आता साडेतीन महिने होतील, तरी आमच्या गिरगावातले शेजारी "काय हो जोग, तिकडे काय पाहिलंत?" हे विचारायचं थांबत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. लोक रजा काढून म्हैसूरला जातात, उटीला जातात. मी ऐन दिवाळीत, घरच्या फराळावर पाणी सोडून, यवतमाळला गेलो. खरं सांगायचं तर मी गेलो नव्हतो, मला पाठवलं होतं. कापसाच्या एका पेढीवर मी इंग्रजी पत्रव्यवहार बघतो. कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच घेतलं होतं हे मालकांना कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून परदेशी पाहुणा आला की त्याच्यामागे मला लावून देतात. या खेपेला पाहुणे दोन होते.

पहिले मिस्टर ॲशवर्थ. विलायतेतल्या लँकेशायरचे, जिनिंगची म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायची यंत्रं बसवणारे इंजिनिअर. वय पंचावन्नच्या आसपास, अंगात खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर चपटी टोपी आणि उन्हानं विटेसारखा झालेला चेहरा. बोलायचे कमी. दुसरे युसुफ फहमी, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे कापूस पारखणारे. रंगानं ॲशवर्थपेक्षा गोरे, नेहमी कोट-टाय, मिशीला रोज कात्री. बोलायला लागले की थांबायचे नाहीत. आमच्या गिरण्या त्यांचा लांब धाग्याचा कापूस घेतात, तर त्यांनीही आमचा वऱ्हाडचा कापूस एकदा बघावा अशी मालकांची कल्पना. यवतमाळच्या शेठजींच्या जिनात नवीन यंत्रं बसायची होती. ॲशवर्थ ती बसवणार, फहमी शेजारी उभे राहून रोलर कसे लावावेत ते सांगणार. मी दोघांमध्ये. ऑक्टोबर छप्पन्नच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो.

छोटी गाडी

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून यवतमाळच्या छोट्या गाडीत बसलो. स्वराज्य येऊन नऊ वर्षं झाली तरी ही गाडी अजून विलायतेतल्या कंपनीच्या मालकीची आहे. तिचा वेग सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की कारंजा गेल्यावर फहमींनी चालत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून रुळाकडेच्या कपाशीचं एक बोंड तोडून घेतलं, आणि त्यांची बाही अजिबात फाटली नाही.

दारव्ह्याला इंजिन पाणी प्यायला थांबलं तेव्हा ॲशवर्थ उतरून इंजिनाभोवती फिरून आले. बाजूला पितळेची पाटी होती. त्यावर मँचेस्टर लिहिलेलं. त्यांनी रुमालानं पाटी पुसली आणि टोपीला हात लावून इंजिनाला सलाम केला.

फहमी डब्यातून ओरडले, "मिस्टर ॲशवर्थ, तुमची माणसं देश सोडून जातात, पण यंत्रं मागे ठेवून जातात!"

"यंत्रं जास्त टिकतात," ॲशवर्थ म्हणाले. प्रवासातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य तेच.

बोंड सोलून फहमींनी चिमटीत कापूस घेतला, दोन अंगठ्यांनी ओढून धागा मोजला आणि खोकला आल्यासारखा चेहरा केला. "आखूड," ते म्हणाले. मग मला वाईट वाटू नये म्हणून, "पण प्रामाणिक."

रेस्ट हाउस

यवतमाळच्या रेस्ट हाउसात शेजारशेजारच्या तीन खोल्या, पुढे लांब व्हरांडा आणि जेवायचं एकच टेबल. खानसामा चाँदमियाँ म्हणून साठीचे गृहस्थ होते. पहिल्याच दिवशी त्यांनी भेंडीची भाजी केली. फहमी ताटाकडे बघून जवळजवळ उभेच राहिले. "बामिया!" त्यांच्याकडे भेंडीला बामिया म्हणतात. मग चाँदमियाँ आणि फहमींनी शब्दांचा बाजार मांडला. साबण? साबून. किताब? किताब. कलम? कलम. कापसाला फहमी 'कुत्न' म्हणाले आणि ॲशवर्थकडे वळून सांगितलं, "तुमचं कॉटन यातूनच निघालं. शब्द आमच्याकडून नेलात, तो तरी परत करा."

"बोटीत जागा असली तर आणतो," ॲशवर्थ म्हणाले आणि भेंडी वाढून घेतली.

पहिले तीन-चार दिवस असे मजेत गेले. पिठलं-भाकरीवर फहमी बेहद्द खूश. ॲशवर्थना ठेचा चटणीसारखा पावाला लावून खायची अवदसा आठवली, आणि नंतर अर्धा तास ते अंगणातल्या नळाखाली तोंड धरून बसले. चाँदमियाँ शेजारी साखर घेऊन उभे.

आमच्या पुण्या-मुंबईत पाहुण्याला "या, बसा" म्हणतात आणि तो बसला की आपापल्या कामाला लागतात. इथे बसलेल्या पाहुण्याला सुटकाच नाही. "बसा ना जी. कायले घाई करता? जेवून जाजा." तारघरात तिकीट घ्यायला गेलो तर तारबाबूनं माझं गाव, गोत्र आणि मुलांच्या इयत्ता विचारून घेतल्या, आणि निघताना हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले.

कळंब

रविवारी शेठजींनी आम्हांला आपल्या मोटरीतून कळंबच्या चिंतामणीला नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि मधून मधून पिवळ्या फुलांची तूर. वाटेत टायर बसला. ड्रायव्हर चाक बदलेपर्यंत आम्ही बाजूच्या शेतात शिरलो, तर तिथे पहिल्या वेचणीची पूजा चाललेली. पाच खडे मांडून बायका दहीभाताचा नैवेद्य दाखवत होत्या. याला सीतादही म्हणतात. एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हा तिघांच्या हातावर दहीभात ठेवला आणि फहमींच्या टायकडे बोट दाखवून मला विचारलं, "ह्या बाप्पाच्या गळ्यात हे काय हाय? दुखते काय त्याले?"

मी भाषांतर केलं. फहमींनी टाय काढून खिशात घातला आणि पुढचे काही दिवस तो खिशातच राहिला.

चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जायचं, आत कुंड. कधी कधी त्याचं पाणी चढत चढत गणपतीच्या पायाला लागतं, असं पुजाऱ्यानं सांगितलं. फहमींनी पायऱ्या मोजल्या. कैरोला नदीच्या पाण्यात असाच एक खांब आहे, पायऱ्या उतरून जायचं आणि नाईल किती चढली ते बघायचं, असं ते म्हणाले. "पाणी चढलं की आमचे शेतकरी पण देवाकडेच बघायचे." परतताना मोटरीत त्यांनी मुलीचा फोटो दाखवला. नादिया. पोर्ट सैदला दिलेली, नवरा शाळामास्तर, दोन लहान मुलं. ॲशवर्थनी फोटो हातात घेऊन नीट पाहिला. "छान आहेत," म्हणाले. स्वतःच्या घरचं काही बोलले नाहीत.

एक नोव्हेंबर

एक नोव्हेंबरला सकाळी उठलो तो राज्यांच्या नव्या आखणीत यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला होता. चाँदमियाँनी चहा ठेवता ठेवता मला बजावलं, "कालपरेंत आमी नागपूरचे होतो साहेब, आता तुमच्या मुंबईचे झालो. मी तं रातभर याच खाटेवर होतो."

शेठजींच्या पेढीवर मुनीम छापील कागदांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन 'मध्यप्रदेश' या शब्दावर एकेक रेघ ओढत होते. त्यांना हसत हसत मी दिवाणखान्यात शिरलो. तिथे शेठजींचा रेडिओ चालू होता आणि ॲशवर्थ आणि फहमी दोघेही त्याच्यासमोर उभे होते.

सुएझ कालव्याचं भांडण उन्हाळ्यापासून धुमसत होतं, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. इजिप्तनं कालवा आपल्या ताब्यात घेतला होता, इंग्लंड-फ्रान्सला ते खपत नव्हतं. पण रोज उठून सभा आणि खलिते चालले होते. असंच चालेल असं वाटत होतं. आता निवेदक सांगत होता की इंग्लंडच्या विमानांनी इजिप्तवर बाँब टाकले.

बातमी संपली. फहमींनी खिशातून टाय काढला, आरशासमोर जाऊन बांधला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्टर जोग, मला तारघरात जायचं आहे."

ॲशवर्थनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. फहमी त्यांच्याकडे न बघता बाहेर पडले.

तारबाबूनं पोर्ट सैदचं नाव वाचून मान हलवली. "तिकडली लाइन बंद हाय साहेब. घेतो मी, पन जाईल याची खात्री नाई." या खेपेला त्यानं शेंगदाणे दिले नाहीत. फहमींना स्वतःची खुर्ची दिली.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. दोघांनाही उत्तम इंग्रजी येत होतं, आणि आता मी एकाचं इंग्रजी दुसऱ्याला इंग्रजीतच सांगू लागलो. "मिस्टर फहमींना सांगा, डावीकडचा रोलर तयार आहे." मी दोन हात लांब उभ्या असलेल्या फहमींना सांगायचो, डावीकडचा रोलर तयार आहे. "त्यांना सांगा, मी ऐकलं." मी सांगायचो. जेवायच्या टेबलावर दोघं दोन टोकांना. मिठाचं भांडं एकच, ते घेऊन मी सीमेवरच्या हरकाऱ्यासारखा इकडून तिकडे. चाँदमियाँनी भेंडी करणं बंद केलं. म्हणाले, "हसत कोनी खात नाई तं कायले करू?"

मोर्चा

नरकचतुर्दशीला सकाळी कॉलेजातल्या पोरांचा मोर्चा रेस्ट हाउसवर आला. सगळे अभ्यंगस्नान करून आलेले. घोषणांच्या आधी उटण्याचा वास पोचला. "इजिप्त झिंदाबाद! इंग्लंड मुर्दाबाद!" माझी पाचावर धारण बसली. ॲशवर्थ व्हरांड्यात खुर्ची टाकून चामड्याचा रोलर घासत बसलेले. फहमी आत मिशी कातरत होते.

मी पुढे होऊन काही बोलायच्या आत त्यांचा पुढारी, दंडाला फीत बांधलेला चष्मिस मुलगा, व्हरांड्यात चढला. उन्हानं रापलेला, हाताला वंगण, मळकी टोपी घातलेला परदेशी माणूस त्याला दिसला. इजिप्तचा कष्टकरी असाच असणार. त्यानं झेंडूचा भला मोठा हार ॲशवर्थच्या गळ्यात घातला आणि त्यांचा हात उंच धरला.

"इजिप्त झिंदाबाद!"

ॲशवर्थना घोषणा समजली असणार, इजिप्त हा शब्द इंग्रजीतही जवळजवळ तोच. ते उठून उभे राहिले, टोपी काढली, आणि पोरांची घोषणा संपेपर्यंत ताठ उभे राहिले. एवढ्यात फहमी दारात आले. गोरा माणूस, कोट, टाय. त्यांना बघून पोरांनी "इंग्लंड मुर्दाबाद" सुरू केलं.

मी दोन्ही हात वर करून खरा प्रकार सांगितला. पुढारी इतका लाजला की चष्मा काढून पुसायला लागला. हार परत कसा मागायचा ते त्याला कळेना. ॲशवर्थनीच तो काढला, आत जाऊन जेवायच्या टेबलावर फहमींच्या खुर्चीसमोर ठेवला आणि पुन्हा रोलर घासायला बसले. फहमींनी हाराला हात लावला नाही. चाँदमियाँनी तो घमेल्यात पाण्यावर ठेवला. तीन दिवस टिकला.

संध्याकाळी लक्ष्मीपूजनाचे फटाके सुरू झाले. पहिल्या सुतळी बाँबला फहमींच्या हातातली बशी खाली पडली. त्यानंतर ते आत जाऊन खिडक्या लावून बसले. ॲशवर्थ मला म्हणाले, "पोरांना जरा लांब जाऊन वाजवायला सांगता येईल का? मी सांगितलं म्हणू नका." मी फाटकाशी जाऊन सांगितलं. पोरं मुकाट्यानं पलीकडच्या मैदानात गेली.

पाडवा

शेठजींचा मुहूर्त पाडव्याचा. काहीही झालं तरी यंत्र फिरलं पाहिजे. जिनाच्या फाटकावर शंभरेक गाड्या कापूस घेऊन उभ्या होत्या, आणि फहमी कामाला येतील की नाही हे कुणाला माहीत नव्हतं. ते आले. "मी शेठजींचा पाहुणा आहे," मला म्हणाले. "इंग्लंडच्या राणीचा नाही."

जिनातला मुख्य माणूस म्हणजे सुखदेव मिस्त्री. चाळिशीचा, सडसडीत, पांढरा सदरा. यंत्राच्या आवाजावरून कोणता नट ढिला आहे ते सांगणारा. पूजेचं ताट घेऊन शेठजी आले आणि दरसालसारखा नारळ त्याच्यापुढे धरला. सुखदेवनं हात मागे घेतले.

"मी नाई फोडत जी आता. दसऱ्याले नागपूरले गेलतो. दीक्षा घेतली."

"अरे, पण दरसाल तूच फोडतो ना?"

"दरसाल फोडत होतो." सुखदेव नम्रपणेच बोलत होता. "यंत्राले तेल लावतो जी. हळद-कुंकू नाई लावणार."

 मुनीम दातओठ खात पुढे झाले, पण शेठजींनी त्यांना हातानं थांबवलं. क्षणभर ते नारळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. नारळ मी फोडतो. पण यंत्र तूच सुरू कर."

काय चाललंय, ॲशवर्थनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या आजोबांनी चर्च बदललं तेव्हा गावात दहा वर्षं त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं," आणि सुखदेवला तेलाची झारी स्वतः नेऊन दिली.

यंत्र सुरू झालं. पट्टे फिरले, एका बाजूनं सरकी पडायला लागली, दुसऱ्या बाजूनं ढगासारखी रुई. शेठजींनी पेढे वाटायला काढले. सगळे हसत होते. फहमी लांब भिंतीशी एका स्टुलावर बसले होते. एकदम ते उठले, नाक वर करून हुंगलं आणि ओरडले:

"ॲशवर्थ! थांबव! चौथा रोलर!"

ॲशवर्थ विचारत बसले नाहीत. धावत जाऊन त्यांनी पट्टा उडवला. चौथ्या यंत्राचा रोलर पात्याला जास्त घासत होता. तो तापून खालच्या रुईत ठिणगी शिरली होती. वरून काही दिसत नव्हतं, नुसता करपल्याचा वास. जिनात आग म्हणजे काय ते मी सांगायला नको. फाटकाबाहेरच्या शंभर गाड्या तासात राख झाल्या असत्या. सुखदेवनं नुसत्या हातांनी रुई ओढून काढली. ॲशवर्थ आणि फहमी दोघं गुडघ्यावर बसून दोन्ही बाजूंनी ती गोणपाटानं दाबत होते. पाच मिनिटांत सगळं विझलं. फहमींच्या कोटाची बाही कोपरापर्यंत जळली होती.

त्यानंतर तासभर दोघं चौथ्या रोलरशी ओणवे होऊन बोलत होते. पाव सूत मागे, नाही अजून थोडं, चामडं सुकलं आहे, आमच्याकडे आधी रात्रभर ओलं ठेवतात. मी मध्ये पडायला गेलो तर दोघांनीही मला हातानं बाजूला सारलं. पण काम संपल्यावर फहमी हात धुऊन मला म्हणाले, "त्यांना सांगा, आता ठीक आहे." ॲशवर्थ तिथेच उभे होते.

दुपारी सावलीत बसलो तेव्हा सुखदेवनं मला विचारलं, "हे साहेब लोक कायले भांडून राह्यले जी?" त्याच्या हातांना चाँदमियाँनी पाठवलेलं तूप लावलेलं होतं. मी कालव्याची हकीकत सांगितली. जमीन इजिप्तची, खणणारे हात इजिप्तचे, पण कालवा इतकी वर्षं दुसऱ्यांचा. आता त्यांनी आपला म्हटला तर यांनी विमानं पाठवली.

सुखदेवनं हातावरचं तूप नीट पसरलं. "म्हंजे इहीर त्याईच्या गावातली, अन् पानी कोनं भराचं हे दुसऱ्यानं ठरवाचं." मग म्हणाला, "हे तं आमाले समजते जी. हे समजवून सांगाची गरज नाई."

पोर्ट सैद

भाऊबिजेनंतर बातम्या पावसासारख्या आल्या. एका बाजूला रशियाचे रणगाडे हंगेरीत शिरले. दुसऱ्या बाजूला इंग्लंड-फ्रान्सचे शिपाई विमानांतून छत्र्यांनी पोर्ट सैदला उतरले. अमेरिका आपल्याच जुन्या दोस्तांवर उखडली. शेठजींच्या दिवाणखान्यात गावातले वकील, डॉक्टर जमून आपण राष्ट्रकुलातून बाहेर पडावं का, यावर भांडत होते. जग कोण चालवतं हे आजवर सगळ्यांना माहीत आहे असं वाटत होतं. आता कुणालाच काही सांगता येईना.

ॲशवर्थनी मला एकदाच छेडलं. "तुमचं सरकार आमच्यावर रागावलं, ते बरोबरच आहे. पण हंगेरीबद्दल इतकं हळू का बोलतंय?" मी त्यांच्या कपात चहा ओतला.  "अमेरिकेलाही आमचं पटलं नाही," थोड्या वेळानं ते स्वतःशीच म्हणाले. "गेल्या लढाईत आम्ही एका खंदकात होतो."

पोर्ट सैदची बातमी कळली त्या दुपारी फहमी जिनात रोलर तपासत होते. तारघरातून ते चार वेळा परत आले होते. ॲशवर्थ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. टोपी हातात. माझ्याकडे बघितलं नाही.

"मिस्टर फहमी, माझा मुलगा सायप्रसला होता. सक्तीच्या फौजी नोकरीत. आता बहुतेक तुमच्या पोर्ट सैदला असेल. एकोणीस वर्षांचा आहे." मग एका दमात, "मुलीचा पत्ता द्या. मी आज घरी तार करतो, बायको त्याला फौजेच्या टपालानं लिहील. तो जाऊन बघून येईल. चांगला मुलगा आहे."

फहमींनी हातातलं पातं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, देतील. किती दिवस त्या माणसाला झोप नव्हती.

"तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं," ते म्हणाले. "पण हातात बंदूक असलेल्या माणसाला मी माझ्या मुलीचं दार दाखवणार नाही. तो तुमचा मुलगा असला तरी."

ॲशवर्थचा लाल चेहरा आणखी लाल झाला. "बरोबर," ते म्हणाले. "बरोबर आहे. मीही दिला नसता." टोपी घालून ते यंत्राकडे गेले आणि भलत्याच मापाचा पाना घेऊन नट पिळू लागले. सुखदेवनं काही न बोलता त्यांच्या हातातला पाना काढून दुसरा ठेवला.

निघताना

लढाई थांबल्याची बातमी आली त्याच दिवशी मी फहमींना घेऊन मुंबईला निघालो. ॲशवर्थ आठवडाभर मागे राहणार होते. शेठजींची मोटर आम्हांला धामणगावच्या स्टेशनापर्यंत सोडणार होती. चाँदमियाँनी वाटेसाठी भेंडी करून डब्यात भरली होती. सामान टपावर बांधून झालं. ॲशवर्थ व्हरांड्यात उभे होते, पायरी उतरावी की नाही अशा विचारात.

फहमी मोटरीत बसले, मग पुन्हा उतरले. खिशातून छोटी वही काढून व्हरांड्याजवळ गेले.

"नाव काय त्याचं?"

"डेरेक," ॲशवर्थ म्हणाले. "डेरेक ॲशवर्थ."

फहमींनी ते उजवीकडून डावीकडे लिहिलं. पुन्हा एकदा उच्चारून दाखवलं. ॲशवर्थनी मान हलवली.

"पत्ता मी दिला नाही. पण मी नादियाला लिहीन. पत्र कधी पोचेल माहीत नाही. या नावाचा मुलगा दारात आला, जखमी असला, तहानलेला असला, तर त्याला आत घे असं लिहीन."

 ॲशवर्थ मोटरीशी आले आणि टपावरच्या सामानाची दोरी ओढून बघू लागले. दोरी घट्ट होती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधली.

मुंबई

कालव्यात जहाजं बुडवून वाट बंद केल्यामुळे दोघांच्याही बोटी रद्द झाल्या. फहमी डिसेंबरात कसेबसे विमानानं गेले. ॲशवर्थ आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या बोटीनं गेले. शेठजींचं पत्र आलं, सगळी यंत्रं रात्रंदिवस चालू आहेत आणि चौथा रोलर सर्वांत चांगला चालतो.

जानेवारीत फहमींचं पत्र आलं. नादिया, नवरा, मुलं सुखरूप आहेत. घराची मागची भिंत गेली. वडिलांचं पत्र तिला मिळालं तेव्हा इंग्लंडचे शिपाई गाव सोडून गेले होते. ते असताना एकदा एक शिपाई, अगदी पोरसवदा, दाराशी येऊन हातानं पाणी मागत होता. तिनं आतून कडी लावली आणि मुलांना घेऊन बसून राहिली. तो बराच वेळ उभा होता. आता ती वडिलांना विचारते आहे, तुम्ही लिहिलेला तो मुलगा दिसायला कसा आहे?

फहमींनी खाली लिहिलं होतं: "मी तिला काय सांगू? मी फक्त नाव विचारलं होतं."

दोन दिवस मी ते पत्र घेऊन फिरलो. मग ॲशवर्थना लिहिलं. कडीचं आणि पाण्याचं लिहिलं नाही. मुलगी सुखरूप आहे, एवढंच. आणि तुमच्या मुलाचा एखादा फोटो असल्यास पाठवा.

फोटो गेल्या आठवड्यात आला, सोबत पत्र. डेरेक घरी परतला आहे, गिरणीत लागला आहे, तिकडचं काही बोलत नाही. फोटोत किडकिडीत पोरगा सायकल धरून उभा आहे. कान जरा बाहेर आलेले, ऊन डोळ्यांवर आल्यामुळे डोळे बारीक. मी तो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाकिटावर अलेक्झांड्रियाचा पत्ता लिहिला. पोस्टातला कारकून म्हणाला, तिकडचं टपाल अजून सुरळीत नाही, पोचायला फार दिवस लागतील.

"लागू देत," मी म्हटलं, आणि पाकीट स्वतः त्याच्या हातात दिलं.